दुकानाच्या तळघरातल्या रोमन कमानी

रोमला गेलेला मराठी प्रवासी त्रेवीच्या कारंज्यापाशी जातोच. सहलीच्या कार्यक्रमात तिथं बहुधा तासाभराचा मोकळा वेळ दिलेला असतो. त्यात फोटो होतात, पाठमोरं उभं राहून पाण्यात नाणं टाकलं जातं, एखादं जेलातो खाऊन होतं आणि पुढाऱ्याचा झेंडा दिसला की मंडळी बसकडे निघतात. त्या तासातली तीस-चाळीस मिनिटं मला तुमच्याकडून हवी आहेत. कारंज्यापासून पाच-सात मिनिटं चाललं, की कपडे, अत्तरं आणि घरसामानाचं एक मोठं, झगमगीत दुकान लागतं. त्याच्या तळघरात दोन हजार वर्षांपूर्वीच्या जलवाहिनीच्या १५ कमानी ओळीनं उभ्या आहेत. लांबी सुमारे ६० मीटर, आणि पाहायला तिकीट नाही. त्रेवीत जे पाणी उसळताना दिसतं, ते एके काळी याच कमानींच्या माथ्यावरून वाहत होतं.

दुकानाचं नाव रिनाशेंते. रोममध्ये या नावाची दुसरी इमारत पियात्सा फ्यूमे या चौकात आहे, तिच्याशी गल्लत करू नका. टॅक्सीवाल्याला नुसतं दुकानाचं नाव सांगितलं तर घोटाळा होऊ शकतो. ‘व्हिया देल त्रितोने’ हे रस्त्याचं नाव सांगा, क्रमांक ६१. मेट्रोनं येणार असाल तर अ मार्गावरचं बार्बेरिनी किंवा स्पान्या, दोन्ही स्थानकं चालत जाण्याजोगी जवळ आहेत. मी स्पान्या सुचवेन. कारण पुढं सांगते.

जाण्यापूर्वी थोडी माहिती डोक्यात असू द्या. ती नसेल तर तळघरात नुसते दगडच दिसतील.

सम्राट ऑगस्टसचा जावई आणि सेनापती मार्कस आग्रिप्पा यानं ही जलवाहिनी बांधली. रोममध्ये पाणी पोचलं ते इसवी सनपूर्व १९ मध्ये, ९ जूनला. इतकी नेमकी तारीख आपल्याला ठाऊक आहे याचं श्रेय फ्रंटायनस या अधिकाऱ्याला. इसवी सन ९७ मध्ये त्याच्याकडे रोमच्या पाणीपुरवठ्याचा कारभार आला आणि त्यानं शहरातल्या सगळ्या जलवाहिन्यांची टिपणं काढून ठेवली. त्याच्याच टिपणांत जलवाहिनीच्या ‘व्हिर्गो’, म्हणजे कुमारिका, या नावाची कथा आहे. पाणी शोधणाऱ्या सैनिकांना एका लहान मुलीनं झरे दाखवले, म्हणून हे नाव. आग्रिप्पाला पाणी हवं होतं ते मुख्यतः त्याच्या स्नानगृहांसाठी. ती आजच्या पँथिऑनजवळ होती.

फ्रंटायनसचे आकडे पाहा. रोमन मापानं एकूण लांबी १४,१०५ पावलं, म्हणजे जवळजवळ २१ किलोमीटर. त्यातली १२,८६५ पावलं जमिनीखालून, ५४० पावलं दगडी जोत्यावरून आणि फक्त ७०० पावलं कमानींवरून. बाकीच्या जलवाहिन्यांचे उंच कमानींचे तांडे शहराबाहेरच्या माळावर आजही दिसतात. व्हिर्गो मात्र बहुतेक सगळी वाट जमिनीच्या पोटातून आली आणि शहराच्या सखल भागात शिरताना तेवढी कमानींवर चढली. तुम्ही तळघरात पाहणार आहात तो त्या ७०० पावलांमधला तुकडा.

वीसेक किलोमीटरच्या वाटेत एकूण उतार सुमारे ४ मीटरचा. म्हणजे किलोमीटरमागे वीतभर. एवढ्याशा उतारावर, कुठलाही पंप नसताना, रोज अंदाजे एक लाख घनमीटर पाणी शहरात येत होतं. पुण्याच्या वाचकांना हे समजायला सोपं जाईल, कारण पेशव्यांनी कात्रजहून शनिवारवाड्याकडे आणलेला नळ याच तत्त्वावर चालत असे. जमिनीखालचा बांधीव पाट, अगदी मंद उतार, आणि मध्ये मध्ये हवा खेळावी, गाळ काढता यावा म्हणून वर उघडणारे उच्छ्वास. व्हिर्गोलाही असेच उच्छ्वास होते. आतला पाट माणूस उभ्यानं चालू शकेल इतका उंच होता. ही उंची लक्षात ठेवा, पुढं एका गोष्टीत ती कामाला येणार आहे.

आता चालायला लागू. स्पान्या स्थानकातून बाहेर आलात की समोर स्पॅनिश पायऱ्या आणि त्यांच्या पायथ्याशी अर्धवट बुडालेल्या नावेच्या आकाराचं कारंजं, बार्काच्चा. पिएत्रो बेर्निनी या शिल्पकारानं ते १६२७ ते १६२९ या काळात केलं. ते जमिनीलगत, जवळजवळ खड्ड्यात का बसवलंय, हे तिथं उभं राहून स्वतःला विचारा. याला पाणी मिळतं ते व्हिर्गोचं, आणि ते इतकं सखल येतं की इथं त्याला दाबच नाही. उंच उसळणारं कारंजं शक्य नव्हतं. म्हणून शिल्पकारानं बुडती नाव कल्पिली, जिच्यातून पाणी हळूच पाझरत राहतं. किलोमीटरमागे वीतभर उतार म्हणजे काय, ते इथं डोळ्यांना दिसतं. स्पान्यापासून सुरुवात करा म्हटलं ते एवढ्यासाठी.

तिथून व्हिया देई दुए माचेल्ली हा रस्ता धरा. तो सरळ व्हिया देल त्रितोनेला जाऊन मिळतो आणि त्या कोपऱ्यावरच दुकान आहे. दुए माचेल्लीच्या बाजूनंही आत जायला दार आहे.

दारात सुरक्षारक्षक उभे असतात, काचेमागे हजारो युरोंच्या पिशव्या मांडलेल्या असतात. ते पाहून आपली बरीच मंडळी बिचकतात, अंगावरचे प्रवासाचे कपडे न्याहाळतात आणि परत फिरतात. कृपा करून फिरू नका. काही विकत घेण्याची सक्ती नाही, कुणी मागे लागत नाही, आणि तळघरातले अवशेष सर्वांना पाहता यावेत म्हणूनच जपलेले आहेत. शांतपणे आत जा आणि सरकत्या जिन्यानं किंवा लिफ्टनं खाली उतरा. मजला उणे एक, इटालियनमध्ये ‘मेनो उनो’. वाट सापडली नाही तर कुणालाही विचारा, ‘दोवे लाक्वेदोत्तो?’ म्हणजे जलवाहिनी कुठं आहे. एवढं पुरतं. ज्येष्ठ मंडळी किंवा चाकाची खुर्ची बरोबर असेल तर लिफ्ट हा मोठाच दिलासा, कारण रोममधल्या जमिनीखालच्या बहुतेक जागांना नुसत्या पायऱ्या असतात.

खाली स्वयंपाकघरातल्या वस्तू, दिवे, शोभेचं सामान यांची मांडणी आहे. तिच्यातून पुढं गेलात की उजेड मंद होतो आणि कमानींची रांग समोर येते. भिंतीवर प्रकाशचित्रांतून जलवाहिनीचा इतिहास सांगतात. तो एकदा पूर्ण पाहून घ्या. पण त्यानंतर लगेच निघू नका. खरं पाहणं तिथून पुढं आहे.

आधी कमानीच्या खांबाच्या पायथ्याकडे बघा. तुम्ही उभे आहात ती साधारण प्राचीन रोमच्या जमिनीची पातळी. मग नजर वर न्या. कमानीच्या माथ्यावरून पाण्याचा पाट जात होता, म्हणजे तेव्हाचा रोमकर मान वर करून या बांधकामाकडे बघत असे. आता त्याच्याही वर दुकानाचा तळमजला, आणि त्या पातळीला बाहेर व्हिया देल त्रितोनेवरची वाहनं. ज्या कमानी पाणी जमिनीपासून उंच धरायला बांधल्या, त्या आज जमिनीखाली आहेत. पाट जागचा हलला नाही. शहर वर चढलं.

हे कसं झालं, ते समजल्याशिवाय रोम समजत नाही, असं माझं ठाम मत आहे. तीबर नदीला पूर यायचे आणि सखल भागात दर वेळी गाळ बसायचा. १८७० च्या मोठ्या पुरानंतर नदीला दोन्ही बाजूंनी उंच दगडी भिंती घातल्या, तेव्हा कुठं हे थांबलं. शिवाय आगी लागत, इमारती कोसळत. तो राडारोडा गावाबाहेर वाहून नेण्यापेक्षा तिथंच पसरून, धुम्मस करून त्यावर नवं बांधणं स्वस्त पडे. जुन्या भिंती नव्या घरांचा पाया होत. पंधरा-वीस पिढ्यांनी असं केलं की कमानी तळघरात जातात. त्यांना कुणी मुद्दाम पुरलेलं नसतं.

म्हणून तर रोममध्ये नवी इमारत बांधणं हे भल्याभल्यांना घाम फोडणारं काम आहे. जमिनीत सापडलेला पुरातन ठेवा इटलीत सरकारचा असतो. खणताना काही लागलं की पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली हातानं, ब्रशानं काम सुरू होतं. या दुकानाची इमारत पुरी व्हायला ११ वर्षं लागली आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये ते उघडलं. मालकांनी तळघरातली विक्रीची जागा सोडून हे अवशेष लोकांपुढं मांडले, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. आपल्याकडे जुन्या पेठांमध्ये इमारतींच्या पायासाठी खोदताना जुने हौद, नळ, भुयारं लागतात तेव्हा काय होतं, हे वाचकांना सांगायला नको.

आता ती उंचीची गोष्ट. इसवी सन ५३७ मध्ये गॉथांचा राजा विटिगिस यानं रोमला वेढा घातला आणि शहराच्या जलवाहिन्या तोडल्या. आत बेलिसारियस हा पूर्व रोमन सेनापती होता. प्रोकोपियस हा इतिहासकार त्या वेढ्यात त्याच्याबरोबर होता. तो लिहितो की काही गॉथ सैनिक रात्री दिवे आणि मशाली घेऊन पाणी आटलेल्या पाटात शिरले आणि आतून चालत शहरात पोचायची वाट शोधू लागले. पिंचियन दरवाजाजवळ पाटाला एक फट होती. तिथल्या पहारेकऱ्याला जमिनीतून उजेड चमकलेला दिसला. त्यानं सोबत्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, लांडग्याचे डोळे असतील. पुढं ही गोष्ट बेलिसारियसच्या कानावर गेली. त्यानं लगेच माणसं आत उतरवली, आणि त्यांना दिव्यांतून गळालेले थेंब पाटात जागोजाग सापडले. त्या वाटेवर पहारा बसला आणि शहर वाचलं. मुलं बरोबर असतील तर ही गोष्ट तिथंच, कमानींसमोर उभं राहून सांगा. हा पाट किती लांबचा, किती अंधारा असेल, हे त्यांना वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

पुष्कळसा पाट जमिनीखाली असल्यामुळे व्हिर्गोची इतर जलवाहिन्यांइतकी वाताहत झाली नाही. आठव्या शतकात, मग १४५३ आणि १५७० मध्ये वेगवेगळ्या पोपांनी तिची डागडुजी केली आणि त्रेवी, पियात्सा नाव्होना इथल्या कारंज्यांपर्यंत तिचं पाणी खेळवलं.

तळघरात वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. फोटो काढा, पण फ्लॅश नको. दगडांना हात लावू नका, मुलांनाही लावू देऊ नका. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या, साधारण १० च्या सुमारास गेलात तर खाली शुकशुकाट असतो. वेळा सणावारी बदलतात, म्हणून आदल्या दिवशी फोनवर पाहून घ्या. सगळ्यात वरच्या मजल्यावर खाण्यापिण्याच्या जागा आणि गच्ची आहे. तिथून शहराचे घुमट दिसतात. किमती मात्र चढ्या. कॉफीच हवी असेल तर बाहेरच्या एखाद्या साध्या बारमध्ये काउंटरशी उभ्यानं प्या. रोममध्ये बसून पिण्याचे पैसे बहुतेक ठिकाणी वेगळे लागतात.

दुकानातून बाहेर पडलात की व्हिया देल नाझारेनो शोधा. दोन-तीन मिनिटांवर आहे. अगदी साधी गल्ली, आणि तिच्या एका बाजूला लोखंडी कठड्यामागे एक खड्डा. दिवसभरात शेकडो माणसं तिथून जातात आणि फारच थोडी खाली वाकून पाहतात. तुम्ही वाका. त्या खड्ड्यात याच जलवाहिनीच्या आणखी काही कमानी उघड्यावर आहेत, ओबडधोबड टाक्यांच्या मोठ्या दगडांच्या. कमानींच्या वरच्या पट्टीवर लॅटिन लेख कोरलाय. अक्षरं मोठी, सुबक. आशय असा की गायस सीझरनं, म्हणजे कॅलिग्युलानं, नासधूस केलेल्या या कमानी सम्राट क्लॉडियसनं पायापासून नव्यानं बांधल्या. साल इसवी सन ४६ च्या आसपासचं. लॅटिन येत नसलं तरी ‘क्लॉडियस’ आणि ‘व्हिर्गिनिस’, म्हणजे ‘व्हिर्गोच्या’, ही नावं अक्षरं लावून सापडतात. ‘यू’ च्या जागी ‘व्ही’ कोरलेला असतो, एवढं ध्यानात ठेवा. पुतण्यानं पाडलं आणि काकानं उभारलं, हे जाहीर करायला कोरलेला हा लेख तेव्हा लोकांच्या डोक्याच्या खूप वर होता. आज तुम्ही रस्त्यावर उभं राहून त्याच्याकडे वाकून बघता.

माझ्या मते हा कठडा आणि ते तळघर मिळून एकच जागा आहे. तळघरात कमानी सजवून, प्रकाश टाकून ठेवल्या आहेत. इथं त्याच कमानी शेवाळ, कबुतरं आणि वाळलेल्या पानांत उभ्या आहेत. एक पाहून दुसरी टाळली तर अर्धंच पाहिलं.

हातात आणखी तास असेल तर त्रितोने रस्ता ओलांडून त्रेवीच्या मागच्या बोळांत शिरा. व्हिकोलो देल पुत्तारेल्लो या बोळात ‘व्हिकुस काप्रारियुस’ नावाची जागा आहे. तिला ‘पाण्याचं शहर’ असंही म्हणतात. १९९९ ते २००१ या काळात जुन्या त्रेवी चित्रपटगृहाचं नूतनीकरण चालू असताना तळाशी प्राचीन रोमन इमारती सापडल्या. इथं मात्र तिकीट आहे, बेताचं. सोमवारी बंद. आत एका वेळी थोडीच माणसं सोडतात, म्हणून आगाऊ नोंदणी करून ठेवणं शहाणपणाचं. जिना उतरून जवळजवळ ९ मीटर खाली जावं लागतं. गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करून जावं.

इथली पाण्याची टाकी सुमारे दीड लाख लिटरची. रोमन लोक अशा टाक्यांना चुन्यात विटांचा भुगा, म्हणजे आपली सुरखी, कालवून गिलावा करत. त्यानं भिंत पाणी धरते. दिव्याच्या उजेडात त्याचा गुलाबीसर रंग ओळखता येतो का बघा. खणताना ८०० हून अधिक नाण्यांचा साठा निघाला, त्यातला काही भाग तिथंच मांडलाय. आणि टाकीच्या आसपास खळखळ ऐकू येते, ती व्हिर्गोच्या पाण्याची. खाली गारवा आणि ओल असते. उन्हाळ्यातही अंगावर एखादी ओढणी असू द्या, आणि पायात घसरणार नाहीत अशी पादत्राणं.

मग त्रेवी. गर्दीत पाकीट पुढच्या खिशात, पिशवी पोटाशी. कठड्यापर्यंत जाण्याचे नियम अधूनमधून बदलतात, तिथं उभे असलेले कर्मचारी सांगतील तसं करा. निकोला साल्वी या वास्तुकारानं १७३२ मध्ये या कारंज्याचं काम सुरू केलं आणि त्याच्या मृत्यूनंतर १७६२ मध्ये ते पुरं झालं. मधल्या समुद्रदेवावरून नजर काढून त्याच्या दोन्ही बाजूंच्या मूर्तींच्या वर बघा. तिथं दोन उठावचित्रं आहेत. डावीकडे आग्रिप्पा जलवाहिनीच्या आराखड्याला मान्यता देतोय. उजवीकडे ती मुलगी सैनिकांना झरा दाखवतेय. या दोघांना ओळखून त्रेवीसमोर उभं राहणं आणि नुसतं नाणं टाकून निघणं यात फार फरक आहे.

त्रेवीचं पाणी पिऊ नका. प्यायला रस्त्याकडेला ‘नासोने’ नावाचे बिडाचे नळ आहेत, शहरभर सुमारे अडीच हजार. ते सतत वाहत असतात आणि पाणी चांगलं असतं. रिकामी बाटली जवळ ठेवा. नळाच्या वाकड्या तोटीला वरून एक भोक असतं. बोटानं तोटीचं तोंड बंद केलं की त्या भोकातून पाण्याची धार वर येते आणि ओणवं न होता पिता येतं.

सहल कंपनीबरोबर असाल तर पुढाऱ्याला आदल्या रात्रीच सांगून ठेवा की त्रेवीच्या वेळात तुम्ही व्हिया देल त्रितोनेला जाऊन येणार आहात, आणि परत भेटायची जागा नीट विचारून घ्या. कारंज्यापाशी भेटू असं ठरवू नका, तिथं माणूस सापडत नाही. चौकातल्या एखाद्या दुकानाचं किंवा चर्चचं दार ठरवा. वेळ अगदीच कमी असेल तर क्रम असा ठेवा: आधी तळघर, मग नाझारेनोचा कठडा. व्हिकुस काप्रारियुस पुढच्या फेरीला राहिलं तरी चालेल, पण कठडा चुकवू नका. त्याला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत, आणि दुकान बंद असलं तरी तो उघडाच असतो.